परमुलखातील माणूस आणि तेथील न्याय



माणूस गाव सोडून परमुलखात गेला म्हणजे मागे राहिलेल्यांना दोन गोष्टींची चिंता लागते. तिकडे त्याच्यावर कोणी हात टाकला तर त्याची दाद कोण घेणार, ही पहिली. आणि त्याच्या हातून काही वावगे घडले, किंवा घडल्याचा नुसता आळ आला, तर त्याचा न्याय कोण करणार आणि कोणत्या कायद्याने करणार, ही दुसरी. आज मराठी घरांतील मुलेमुली आखाती देशांपासून अमेरिकेपर्यंत पांगलेली आहेत. त्यामुळे या दोन चिंतांची ओळख या सभागृहात कोणाला करून द्यावी लागेल असे आम्हास वाटत नाही.

या चिंतांवर एक उत्तर फार सोपे वाटते. आमचा माणूस कोठेही असो, त्याचा न्याय आमचेच न्यायाधीश आमच्याच कायद्याने करतील, हे ते उत्तर होय. हे उत्तर केवळ कल्पनेत राहिले नाही. युरोप-अमेरिकेतील राष्ट्रांनी ते आशियातील अनेक देशांवर लादले, आणि जपानात तर ते चाळीस वर्षे अमलात होते. १८५८ ते १८९९ या काळात जपानच्या भूमीवर राहणारा इंग्रज, अमेरिकन किंवा फ्रेंच माणूस जपानच्या कायद्याखाली येत नव्हता. त्या चाळीस वर्षांत काय घडले हे पाहिले म्हणजे, परमुलखात माणसाला खरी सुरक्षितता कशाने मिळते या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो. तेव्हा आजचे व्याख्यान जपानविषयी आहे.

तह आणि त्यांतील कलम

ही पद्धत जपानात जन्मली नाही. तुर्कस्तानच्या सुलतानांनी युरोपीय व्यापाऱ्यांना आपसातले तंटे आपल्याच प्रतिनिधीपुढे तोडण्याची मुभा फार पूर्वीपासून दिली होती. ती त्या वेळी बलवान राजाने दिलेली सवलत होती. अफूच्या युद्धानंतर चीनशी झालेल्या तहांत तिचे रूप पालटले; मागणारा बलवान आणि देणारा पराभूत असा उलटा प्रकार झाला. त्याच नमुन्यावर १८५८ साली अमेरिका, हॉलंड, रशिया, इंग्लंड आणि फ्रान्स या पाच राष्ट्रांनी जपानशी तह केले. परदेशी माणसाने जपानी माणसाविरुद्ध गुन्हा केला तर त्याचा विचार त्या परदेशाच्या कॉन्सलपुढे, म्हणजे वाणिज्यदूतापुढे, होईल असे त्यांत ठरले. मोबदल्यात परदेशी माणसाने ठरावीक बंदरांतच राहावयाचे आणि तेथून दहा री, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, यापलीकडे परवान्यावाचून जावयाचे नाही, असा निर्बंध होता. न्यायाची सूट आणि फिरण्याचा निर्बंध या दोहोंची अशी सांगड होती, हे ध्यानात ठेवावे. पुढे तिचाच उपयोग झाला.

येथे परदेशी माणसांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे, नाहीतर आपण त्यांच्यावर अन्याय करू. त्यांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. जपानच्या तत्कालीन फौजदारी पद्धतीत कबुलीजबाबाला मोठे महत्त्व असे आणि तो मिळविण्यासाठी आरोपीचा छळ करणे कायदेशीर होते. सामुराईचा अपमान करणाऱ्या सामान्य माणसाला जागच्या जागी कापून काढण्याचा हक्क सामुराईला होता. शिवाय परदेशी माणसांविषयीचा द्वेष उघड होता. १८६१ च्या जानेवारीत अमेरिकी वकिलातीचा दुभाषी ह्यूस्केन याला येदो शहरात मारेकऱ्यांनी ठार केले, आणि त्याच वर्षी इंग्रज वकिलातीवर रात्री सशस्त्र हल्ला झाला. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने आपल्या देशाच्या न्यायासनाचा आश्रय शोधला तर त्यात नवल नाही. प्रश्न इतकाच की त्या आश्रयाने तो सुरक्षित झाला काय?

नामामुगीचा रस्ता

१४ सप्टेंबर १८६२ रोजी योकोहामाजवळ नामामुगी या गावी जे घडले त्यातून याचे उत्तर मिळते. रिचर्डसन नावाचा इंग्रज व्यापारी शांघायहून येथे आला होता. तो दोन पुरुष व एक स्त्री यांच्यासह घोड्यावरून तोकाइदो या हमरस्त्याने फिरावयास निघाला. समोरून सात्सुमाच्या सरदाराचे वडील शिमाझू हिसामित्सू यांची स्वारी मोठ्या लवाजम्यासह येत होती. अशा वेळी घोड्यावरून उतरून बाजूस होणे ही त्या देशाची रीत. त्याच दिवशी एक अमेरिकी माणूस तीच स्वारी समोर येताच उतरला, लवून उभा राहिला आणि सुखरूप गेला, असे सांगतात. रिचर्डसन उतरला नाही. लवाजम्यातील सामुराईंनी तलवारी उपसल्या. तो मारला गेला, त्याचे दोन सोबती जखमी झाले. बाई तेवढी बचावली.

इंग्लंडने शोगुनच्या सरकारकडे एक लाख पौंड आणि सात्सुमाकडे पंचवीस हजार पौंड मागितले. शिवाय मारेकऱ्यांना देहान्त शासन व्हावे असा हट्ट धरला. सात्सुमाने दाद दिली नाही, तेव्हा १८६३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आरमाराने कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. शेकडो घरे जळाली. इंग्रजांच्या बाजूस तेरा माणसे मेली, आणि त्यांत मुख्य युद्धनौकेचा कप्तानही होता. अखेर पैसे मिळाले. मारेकरी मात्र कधीच हवाली झाले नाहीत. एका खुनाचा न्याय करण्यासाठी एक शहर जाळले आणि खुनी तरीही मोकळाच राहिला. याला सूड म्हणता येईल, वसुली म्हणता येईल. न्याय म्हणणे कठीण आहे.

१८६८ साली साकाई बंदरात याचे दुसरे रूप दिसले. तेथे तोसा संस्थानच्या शिपायांनी अकरा फ्रेंच खलाशांना ठार केले. फ्रेंचांच्या मागणीवरून वीस जपान्यांना पोट चिरून मरण्याची शिक्षा झाली. फ्रेंच कप्तान तो विधी पाहावयास हजर होता. अकरावा माणूस मेल्यावर त्याने हात वर करून तो थांबविला. अकरांबद्दल अकरा, हिशेब पुरा झाला. यांतील प्रत्येकाने कोणता गुन्हा केला होता याची चौकशी या हिशेबात कोठे बसते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

कॉन्सलचे न्यायासन

आता दुसरी बाजू पाहू. परदेशी माणूस आरोपी असेल तेव्हा काय होई? इंग्रजांनी आपली व्यवस्था त्यातल्या त्यात नीट बसविली होती. पण लहान राष्ट्रांचे कॉन्सल पुष्कळदा व्यापारीच असत, आणि सकाळी पेढीवर बसणारा माणूस दुपारी न्यायाधीश होई. इंग्रजी निकालावर अपील करावयाचे तर शांघायला आणि तेथून लंडनला; फ्रेंच निकालावर सायगावला. ओसाकाच्या एखाद्या दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या बाकीसाठी सायगाव गाठावे, हे कोणास शक्य होते? खुद्द जपान सरकारची हीच गत झाली. १८९२ साली जपानी युद्धनौका चिशिमा हिला जपानच्याच समुद्रात पी. अँड ओ. कंपनीच्या राव्हेना या बोटीची टक्कर लागून सत्तरांवर माणसे बुडाली. ही कंपनी मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची. तिच्यावर दावा लावण्यासाठी जपान सरकारला योकोहामाच्या इंग्रजी न्यायालयात फिर्यादी म्हणून उभे राहावे लागले, आणि तो दावा शांघायमार्गे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला.

पण ज्या घटनेने ही पद्धत जपानच्या घराघरात पोहोचली ती १८८६ सालची. २४ ऑक्टोबर रोजी नॉर्मंटन ही इंग्रज मालवाहू बोट किई प्रांताच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून बुडाली. कप्तान ड्रेक आणि त्याचे युरोपीय खलाशी होड्यांत बसून वाचले. बोटीवरचे पंचवीस जपानी उतारू एकूण एक बुडाले. कोबे येथील इंग्रजी चौकशीत कप्तान निर्दोष ठरला. देशभर संतापाची लाट उसळली. वर्गण्या जमल्या, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. तेव्हा सरकारने योकोहामाच्या इंग्रजी न्यायालयात पुन्हा फिर्याद गुदरली. कप्तानास तीन महिन्यांची कैद झाली. बुडालेल्यांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली नाही.

हा निकाल कायद्याच्या अक्षराला धरून होता की नव्हता, याचा खल कायदेपंडित करू शकतील. पण बुडालेले उतारू सारे जपानी, वाचलेला कप्तान इंग्रज आणि न्यायाधीशही इंग्रज, असे चित्र समोर असता त्या निकालावर कोणाचा विश्वास बसणार? न्यायाधीश प्रामाणिक असला तरी पक्षकाराच्या घरचा असेल तर त्याचा प्रामाणिकपणा वाया जातो.

ही पद्धत निदान परदेशी आरोपीच्या तरी हिताची होती, असे कोणी म्हणेल. तेही सर्वांशी खरे नाही. १८८० साली योकोहामा बंदरात एका अमेरिकी जहाजावरील रॉस नावाच्या खलाशाने आपल्या वरच्या अधिकाऱ्याचा खून केला. तो जन्माने इंग्रज प्रजाजन होता. पण जहाज अमेरिकी म्हणून अमेरिकी कॉन्सलने चार सहायकांसह बसून त्यास देहान्ताची शिक्षा सांगितली. पुढे ती जन्मठेपेवर आली. अमेरिकेत खुनाच्या आरोपीस ज्यूरीपुढे उभे राहण्याचा हक्क असतो. तो मला का मिळाला नाही, असे विचारीत हा कैदी तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९१ साली त्या न्यायालयाने उत्तर दिले की अमेरिकेची राज्यघटना परदेशात चालत नाही. म्हणजे जपानचा कायदा लागू नाही, कारण आरोपी अमेरिकेचा. आणि अमेरिकेची घटनाही लागू नाही, कारण जागा जपानची! दोन छपरांच्या मधल्या पन्हळीखाली उभ्या राहिलेल्या माणसासारखी त्याची स्थिती झाली.

आपल्याकडचे एक प्रतिबिंब

हे ऐकताना आपल्या देशातील एक प्रकरण आपल्या मनात आले असेल. १८८३ साली रिपनसाहेबांच्या कारकिर्दीत इल्बर्ट बिल पुढे आले. जिल्ह्यांतील हिंदी न्यायाधिकाऱ्यांनाही युरोपीय आरोपींचे खटले चालविता यावेत, एवढीच त्याची मागणी. त्यावर इंग्रज मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी जे काहूर उठविले त्यापुढे सरकार नमले, आणि १८८४ साली निम्मी ज्यूरी गोऱ्यांची मागण्याचा हक्क युरोपीय आरोपीस मिळाला. गंमत अशी की हिंदी माणूस व्यापारासाठी योकोहामास गेला तर इंग्रज राज्याचा प्रजाजन म्हणून तो जपानी न्यायालयाच्या कक्षेबाहेर राही. आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या देशात त्याच्याच भाईबंदाला इंग्रजाचा न्याय करण्याची मोकळीक नव्हती. जे परदेशी माणसाच्या सुरक्षिततेचे साधन म्हणून सांगितले जात होते ते वस्तुतः सत्तेचे चिन्ह होते, हे यावरून उघड होते.

जपानने केलेली तयारी

जपानी मुत्सद्द्यांनी यातून जो मार्ग काढला तो विचार करण्याजोगा आहे. तुमचे कायदे आम्हास विश्वासार्ह वाटत नाहीत, असे युरोप म्हणत होता. त्यावर केवळ रोष न करता त्यांनी कायदेच नव्याने बांधावयास घेतले. बोआसोनाद नावाच्या फ्रेंच कायदेपंडितास बोलावून घेतले. त्याने न्यायालयात आरोपीचा छळ होताना पाहून कडक निषेध नोंदविला, आणि १८७० च्या दशकातच तो छळ कायद्यातून काढून टाकण्यात आला. १८८२ पासून नवा दंडसंग्रह अमलात आला. १८८९ साली राज्यघटना जाहीर झाली.

मधल्या काळात चुकीच्या वाटाही चोखाळल्या गेल्या. परराष्ट्रमंत्री इनोउए यांनी परदेशी माणसांच्या खटल्यांसाठी परदेशी न्यायाधीश नेमण्याची तडजोड मांडली. नॉर्मंटनची जखम ओली असताना ती लोकांना रुचणे शक्य नव्हते, आणि १८८७ साली त्यांना पद सोडावे लागले. स्वतः बोआसोनादनेही तिला विरोध केला होता. पुढील मंत्री ओकुमा यांनी तशीच योजना थोड्या फरकाने आणली. १८८९ च्या ऑक्टोबरात त्यांच्या गाडीवर बाँब पडला आणि त्यांचा पाय गेला. परदेशी माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आता जपानी मंत्र्याच्या जिवावर उठला होता.

ओत्सूचा खटला

आणि मग १८९१ साली नव्या न्यायसंस्थेची परीक्षा झाली. रशियाचा युवराज निकोलस जपानच्या भेटीस आला होता. ११ मे रोजी ओत्सू गावी बंदोबस्तावर असलेल्या त्सुदा सानझो नावाच्या पोलिसानेच त्याच्या डोक्यावर तलवारीचा वार केला. दोन रिक्षावाल्यांनी धावून जाऊन मारेकऱ्यास पाडले म्हणून युवराज वाचला. सारा देश हादरला. रशिया युद्ध पुकारील अशी भीती पसरली. स्वतः सम्राट युवराजाची विचारपूस करण्यास क्योतोस गेले.

मंत्रिमंडळास त्सुदाला फाशी हवी होती. पण कायद्यात खुनाच्या प्रयत्नास अधिकात अधिक जन्मठेप होती. देहान्ताचे कलम होते ते जपानच्या सम्राटावर व राजकुलावर हात टाकणाऱ्यासाठी. ते परदेशी युवराजास लावावे, असा मंत्र्यांनी आग्रह धरला. वरिष्ठ न्यायालयाचे अध्यक्ष कोजिमा इकेन यांना त्या पदावर येऊन जेमतेम काही दिवस झाले होते. त्यांनी नकार दिला. कायद्यात जे लिहिलेले नाही ते कोणाला खूष करण्यासाठी वाचता येणार नाही, ही त्यांची भूमिका. २७ मे रोजी निकाल लागला: जन्मठेप. रशियाने युद्ध पुकारले नाही.

कोजिमांनी स्वतः त्या खटल्याच्या पीठावर नसताना सहकारी न्यायाधीशांना आपली बाजू पटवून दिली, हा त्यांच्यावरील आक्षेप रास्त आहे, आणि इतिहासकारांनी तो घेतलाही आहे. तथापि या निकालाचा अर्थ फार मोठा होता. आपल्याच सरकारच्या दडपणापुढे जे न्यायालय वाकत नाही, ते उद्या परदेशी आरोपी समोर आला असता जमावाच्या दडपणापुढेही वाकणार नाही, अशी आशा बाळगावयास आधार मिळाला. युरोपला हवी असलेली हमी कोणत्याही तहाच्या कलमापेक्षा या निकालात अधिक होती, असे आमचे मत आहे.

तीन वर्षांनी, १६ जुलै १८९४ रोजी, मुत्सू मुनेमित्सू हे परराष्ट्रमंत्री असताना लंडन येथे नवा तह झाला. कॉन्सलची न्यायालये बंद व्हावयाची आणि मोबदल्यात परदेशी माणसाला सर्व देश मोकळा व्हावयाचा, अशी देवघेव ठरली. १७ जुलै १८९९ पासून तो अमलात आला. योकोहामाच्या परदेशी वस्तीत धास्ती होती: जपानी तुरुंग कसले असतील, अन्न काय मिळेल, पोलीस घरात शिरतील काय. नेमक्या त्याच सुमारास एका अमेरिकी खलाशाने योकोहामात तिघांचा खून केला. जपानी न्यायालयाने त्याचा खटला चालविला आणि १९०० साली तो फासावर गेला. आकाश कोसळले नाही. व्यापार चालू राहिला, परदेशी माणसे राहिली, आणि चाळीस किलोमीटरांची वेसही उरली नाही.

यशाची दुसरी बाजू

ही कथा येथेच संपविली असती तर ती गोड झाली असती, पण खरी झाली नसती. ज्या जपानने या असमान न्यायाचा जाच सोसला, त्यानेच १८७६ साली कोरियावर तसलाच तह लादला होता. कोरियातील जपानी गुन्हेगाराचा न्याय जपानीच करणार! १८९५ च्या ऑक्टोबरात सोलच्या राजवाड्यात शिरून कोरियाच्या राणीचा खून करण्यात आला. त्यामागे जपानचा तेथील वकील मिउरा हा होता. मिउरा आणि त्याचे साथीदार यांची चौकशी हिरोशिमात जपानी न्यायाधीशांपुढे झाली, आणि पुरावा अपुरा म्हणून सर्व सुटले. नॉर्मंटनच्या निकालावर ज्यांनी अश्रू ढाळले त्यांच्याच न्यायासनाने हा निकाल दिला. ओत्सू आणि हिरोशिमा यांत अंतर अवघे पाच वर्षांचे. स्वतःवरील अन्याय ओळखणे सोपे असते. आपण करीत असलेला अन्याय ओळखावयास वेगळी दृष्टी लागते.

चीनमध्ये ही पद्धत त्याहून अधिक काळ टिकली; इंग्लंड-अमेरिकेने तेथील हक्क १९४३ साली सोडले. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानातच ती मागल्या दाराने थोडीशी परत आली, कारण तेथे राहिलेल्या अमेरिकी सैनिकांच्या गुन्ह्यांचा न्याय कोणी करावा हा वाद करारांनी पूर्णपणे मिटविला नाही. १९५७ साली एका सैनिकाने काडतुसांची रिकामी टरफले वेचणाऱ्या जपानी बाईस ठार केले. त्याला जपानी न्यायालयाच्या स्वाधीन करण्याचा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो स्वाधीन झाला, पण शिक्षा मिळाली ती तीन वर्षांची आणि तीही स्थगित.

आजची व्यवस्था

मग परमुलखातील माणसाने भरवसा कशावर ठेवावा? १९६३ साली व्हिएन्ना येथे झालेल्या करारातील छत्तिसावे कलम हे जगाने या प्रश्नाला दिलेले आजचे उत्तर आहे. परदेशी माणसास अटक झाली तर, तुझ्या कॉन्सलास कळविण्याचा तुला हक्क आहे, हे त्यास विनाविलंब सांगितले पाहिजे. कॉन्सलाने त्यास भेटावे, पत्रव्यवहार करावा, वकील मिळवून द्यावा. न्याय मात्र त्या देशाचेच न्यायालय करील. जो कॉन्सल पूर्वी न्यायासनावर बसत असे तो आता खाली उतरून तुरुंगाच्या दाराशी येऊन उभा आहे. यात त्याची प्रतिष्ठा घटली असे कोणास वाटेल. आम्हास वाटते, तो प्रथमच योग्य जागी आला.

या कलमाचे मोल महाराष्ट्रास अलीकडे कळले. नौदलाचे निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ साली मृत्युदंड सांगितला, आणि भारतीय वकिलातीस त्यांची भेट नाकारण्यात आली. भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १७ जुलै २०१९ रोजी त्या न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने करार मोडल्याचा निर्णय दिला आणि शिक्षेचा फेरविचार करावयास सांगितले. सुटकेचा हुकूम मात्र दिला नाही. जपानातील कॉन्सल-न्यायालये ज्या दिवशी संपली त्या तारखेस एकशेवीस वर्षांनी हा निर्णय यावा, हा योगायोग. पण त्यातील अर्थ योगायोगाचा नाही. दुसऱ्या देशातील आपल्या माणसासाठी आपण काय मागू शकतो आणि काय नाही, याची रेषा तेथे स्पष्ट आखली गेली. निकाल आमच्या बाजूने द्या असे म्हणता येत नाही. दार उघडे ठेवा, त्यास वकील द्या, उघड्यावर चौकशी करा, असे म्हणता येते, आणि म्हटलेच पाहिजे.

हे मागण्याचा नैतिक अधिकार मात्र आपल्या घरापासून सुरू होतो. आपल्या गावात शिकावयास आलेला परदेशी विद्यार्थी, मजुरीसाठी आलेला परप्रांतीय, यांच्यापैकी कोणावर आळ आला म्हणजे आपले पोलीस ठाणे त्यास कसे वागविते, आणि आपण चौकात काय बोलतो? कोजिमांच्या न्यायालयात आरोपी घरचा होता आणि घाव बसलेला परका. नॉर्मंटनच्या न्यायालयात आरोपी न्यायाधीशाच्या घरचा होता आणि मेलेले परके. न्यायाची परीक्षा अशाच खटल्यांत होते. आपली मुले ज्या देशांत जाऊन राहिली आहेत त्या देशांतील न्यायाधीश कोजिमांसारखे असावेत अशी आपण इच्छा करतो. त्या देशांतील आईबापही आपल्याविषयी हीच इच्छा करीत असतील, एवढे ध्यानात ठेवून आम्ही आपली रजा घेतो.